कुंपण चालू, फटाके फोडले, तरी हत्ती त्याच बागेत परत: कुठे काय तपासायचं

"मशीन टकटक करतंय, दिवा लागतोय, आणि तरी काल रात्री आत शिरून अकरा पोफळी पाडून गेला."

सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, आणि स्वतःही म्हटलंय, की आता मी हत्तीबद्दल काही विचारतच नाही. विचारतो, "लाइनीच्या शेवटच्या खांबावर व्होल्ट किती?" बहुतेक जण गप्प होतात. सौर कुंपणाच्या तारेत विजेचे ठोके सोडणारं मशीन मांगरात (बागेतल्या शेतघरात) असतं आणि हत्ती येतो व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या बाजूने. मधल्या सहाशे मीटर तारेत काय चाललंय ते कुणी बघितलेलं नसतं.

मागची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण नवीन बागायतदार विचारतात. २००२ साली हत्ती दांडेलीकडच्या रानातून मांगेलीच्या बाजूने आपल्याकडे उतरले. दांडेलीचं अभयारण्य, भीमगड अभयारण्य, गोव्याचं म्हादई अभयारण्य आणि आपलं तिलारी खोरं, नकाशावर ही तीन राज्यं आहेत, पण रान एकच आहे. तिलारीत धरणाचं पाणी, वर बांबू आणि भेडले माड, खाली उताराला माड, पोफळी, केळी, अननस. हत्तीने ही जागा सोडावी तरी का? २०२० साली तिलारी संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर झालं, २९.५३ चौरस किलोमीटर. त्याच्या कडेला आपली कुंपणं.

पकडून नेण्याचा वाद इथे घालत नाही. २०१५ च्या फेब्रुवारीत माणगाव खोऱ्यात तीन हत्ती पकडले, ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण घाटातून उतरायची वाट आहे तिथेच आहे, आणि एक नेला म्हणून दुसरा येणार नाही असं कुणी लिहून देणार नाही. तो निर्णय व्हायचा तेव्हा होईल. केळ आज रात्री वाचवायची आहे.

आधी सकाळचा अर्धा तास

नुकसान दिसलं की माणूस पहिल्यांदा शिव्या घालतो आणि मग झाप (पडलेल्या झावळ्या) गोळा करायला लागतो. दोन्ही थांबवा. पहिला अर्धा तास कशालाही हात न लावता फिरायचं. पंचनाम्यासाठीही ते लागतंच, पण मुख्य म्हणजे बिघाड कुठे आहे हे त्याच अर्ध्या तासात कळतं.

आत आला कुठून आणि बाहेर गेला कुठून, हे दोन्ही शोधा. या दोन जागा बहुधा वेगळ्या असतात. शिरताना तो सावकाश, जागा हेरून येतो. जाताना, विशेषतः कुणी हाकललं असेल तर, समोर येईल ते मोडून जातो. आपण मोडलेली तार बघतो आणि तिथेच दुरुस्ती करतो. ती बाहेर जायची जागा असते! आत यायचं भोक तसंच राहतं आणि तिसऱ्या दिवशी तो पुन्हा हजर. पायाच्या ठशाची नखं कुठल्या दिशेला आहेत ते बघितलं की हा घोळ होत नाही.

ठसा मोजा. पुढच्या पायाचा ठसा गोल असतो, मागचा लांबट. गोल ठशाच्या कडेने सुतळी फिरवून घ्या. ती लांबी दुप्पट केली की खांद्यापर्यंतची उंची साधारण मिळते. सव्वाचार फूट सुतळी म्हणजे साडेआठ फुटी हत्ती. तारीख घालून वहीत लिहून ठेवा. चार-पाच नोंदी झाल्या की येतोय तो एकच आहे, की पिल्लाबरोबरची मादी आहे, हे उमगतं. आणि उपाय त्यावर ठरतो. एकटा नर जास्त धीट असतो, पिकात तोच जास्त वेळा उतरतो. पिल्लू बरोबर असलेली मादी कुंपणाला लवकर बिचकते, पण तिच्या वाटेत आलात तर ती नरापेक्षा वाईट.

लीदही उचकून बघा, काठीने. काजूच्या बिया, फणसाच्या आठळ्या, भाताची टरफलं, जे दिसेल त्यावरून आधी तो कुणाच्या बागेत होता ते कळतं. त्या माणसाला फोन करा. निम्म्या वेळा त्याला पत्ताच नसतो.

मशीन टकटकतंय, पण झटका बसत नाही

सौर कुंपणाचं मशीन दर सेकंदाला साधारण एक ठोका सोडतं. टकटक म्हणजे मशीन ठोका सोडतंय, एवढंच. तो तारेच्या टोकापर्यंत पोचतोय की नाही, हे फक्त मीटर सांगतो. कुंपणाचा व्होल्टमीटर वेगळा येतो, घरातल्या वायरमनचा चालत नाही. वाडीत मिळून एक घ्या. हत्तीसाठी सगळ्यात लांबच्या खांबावर निदान पाच-सहा हजार व्होल्ट हवेत. तीन हजारावर म्हैस मागे फिरेल, हत्ती नाही.

कमी आले तर पुढचा शोध निम्म्या-निम्म्याने करायचा. लाइन मधे तोडा (यासाठीच जागोजागी कटआउट, म्हणजे लाइन तोडायचे स्विच, बसवून घ्यायचे) आणि मशीनकडच्या अर्ध्या भागात मोजा. तिथे चांगले आले तर दोष पलीकडे. मग पलीकडच्या भागाचे पुन्हा दोन तुकडे. चार-पाच वेळा असं केलं की दोष दहा खांबांच्या आत सापडतो. नाहीतर लोक सगळी लाइन चालत जातात, तारेकडे बघतात, "काही दिसत नाही" म्हणतात आणि घरी येतात. एक सोपी युक्ती: काळोखात, वारा नसताना लाइनीच्या कडेने चाला. जिथे गळती असेल तिथे चटचट आवाज येतो, कधी निळी ठिणगीही दिसते. हत्ती आसपास नसल्याची खात्री करून मगच, हे वेगळं सांगायला नको. तरी सांगतो.

दोष सापडतो तो बहुतेक या ठिकाणी: रानमोडी किंवा वेल तारेला टेकलेली, तार खांबापासून अलग ठेवणारा इन्सुलेटर उन्हाने तडकून खांबाला गळती, नाहीतर पिळून घातलेला सांधा गंजलेला. पिळाचे सांधे आपल्या हवेत दोन पावसाळे टिकत नाहीत, क्लॅम्प लावा. पावसाळ्यात दर दहा दिवसांनी तारेखालची साफसफाई करायलाच हवी. कुंपण घालायला पैसे मिळतात, रानमोडी कापायला कुणी देत नाही. ती कोयती आपलीच.

बॅटरी पहाटे मोजा, दुपारी नाही. दुपारी ऊन पडलेलं असतं तेव्हा सगळ्याच बॅटऱ्या शहाण्या दिसतात. रात्रभर मशीन चालल्यावर पहाटे बारा व्होल्टच्या खाली गेली असेल तर एकतर बॅटरी संपली आहे, नाहीतर पॅनेलवर सावली येतेय. पॅनेल बसवलं तेव्हा शेजारचा आंबा लहान होता, आता नाही.

उन्हाळ्यातला खरा चोर: अर्थिंग

इथे जरा थांबा, कारण माझी स्वतःची दोन वर्षं यात गेली.

झटका बसायला वीज तारेतून हत्तीत, हत्तीच्या पायातून जमिनीत आणि जमिनीतून मशीनच्या अर्थिंगपर्यंत, म्हणजे मशीनला जोडून जमिनीत पुरलेल्या सळईपर्यंत, परत यावी लागते. फेरी पूर्ण झाली नाही तर झटका नाही. आपली जमीन जांभ्याची. एप्रिल-मेमध्ये कातळ इतका कोरडा पडतो की ही परतीची वाट जवळजवळ बंद होते. त्यात हत्तीचा तळवा जाड. म्हणजे मीटरवर आठ हजार, आणि हत्तीला मुंगी चावल्यासारखं. नेमकं त्याच महिन्यांत काजूची बोंडं आणि फणस पिकलेले असतात. कुंपण सगळ्यात कमजोर आणि वास सगळ्यात जोरदार, दोन्ही एकाच वेळी.

आमच्याकडे कुंपण घालणाऱ्याने मांगराच्या भिंतीला लागून एकच सळई, ती पण दोन फूट, पुरली होती. त्याला विचारलं तर म्हणाला, "सगळीकडे अशीच घालतो." मला ते खरंच वाटतं.

तपास असा करायचा. मशीनपासून शंभरेक मीटरवर दोन-तीन लोखंडी सळया जमिनीत ठोकून तारेला टेकवा, म्हणजे मुद्दाम शॉर्ट करा, व्होल्टेज दोन हजाराच्या खाली येईपर्यंत. आता मशीनकडे येऊन मीटरचं एक टोक अर्थिंगच्या सळईला आणि दुसरं टोक मीटरभर लांब ओल्या जमिनीत खुपसा. तीनशे व्होल्टच्या वर काही दिसलं तर अर्थिंग अपुरं आहे. शून्याजवळ असेल तर छान. टेकवलेल्या सळया काढायला विसरू नका, मी एकदा विसरलो होतो.

उपाय खर्चिक नाही. गॅल्वनाइज्ड सळया निदान तीन, प्रत्येक सहा-सात फूट खोल, एकमेकींपासून दहा फुटांवर, सगळ्या एका तारेने जोडलेल्या. जागा ओलाव्याची निवडा, न्हाणीच्या पाण्याचा पाट जातो तिथे सगळ्यात उत्तम. घराच्या अर्थिंगला जोडू नका, त्यापासून लांब ठेवा. खड्ड्यात कोळसा आणि मीठ घाला, उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा बादलीभर पाणी. निव्वळ कातळावर बाग असेल तर तारांची रचनाच बदला: एक तार जिवंत, दुसरी अर्थची, तिसरी जिवंत, चौथी अर्थची. हत्तीने दोन तारांना एकदम स्पर्श केला की जमीन कोरडी असली तरी फेरी पूर्ण होते.

व्होल्टेज पूर्ण, अर्थिंग पूर्ण, तरी आत

मग त्याने तार ओळखली आहे. सुळ्यातून झटका बसत नाही, हे नर हत्तीला समजायला वेळ लागत नाही. सुळ्याने तार उचलतो, पिळतो, तोडतो. किंवा जवळचं झाड तारेवर पाडतो आणि त्यावरून येतो. किंवा खांब पायाने आडवा करतो. तिन्हींची खूण वेगळी, म्हणून तर सकाळचा अर्धा तास.

झाड पाडत असेल तर कुंपणाच्या बाहेरच्या बाजूला झाडाच्या उंचीइतकं अंतर मोकळं असणं हा एकच इलाज आहे. आपल्या हद्दीतलं असेल तर परवानगी काढून छाटा, रानातल्या झाडाला हात लावू नका. उलट कुंपणच मागे घ्या. चार गुंठे बाहेर राहतात, पण आतलं वाचतं.

खांब किंवा तार तोडत असेल तर लोंबत्या तारांचं कुंपण बघा. उंचावर आडवी तार, तिच्यावरून खाली सुटलेल्या तारा, जमिनीपासून कमरेपर्यंत मोकळ्या. कर्नाटक-केरळात ते बऱ्याच ठिकाणी आहे. सुळ्याने धरायला ताणलेलं काही नसतं. तार हलते आणि सोंडेला, कपाळाला लागते. त्रास एकच, उनाड गुरं. आणि झाप पडून अडकले की तेही काढत बसावं लागतं.

रुळांचं कुंपण हवं असं सभेत दरवेळी कुणीतरी उठून म्हणतो. त्याचा खर्च किलोमीटरला कोटीच्या पुढे जातो, आणि २०१८ साली नागरहोळेत एक हत्ती असलं कुंपण ओलांडताना अडकून मेला. आपल्या चढउताराच्या, व्हाळांनी चिरलेल्या जमिनीत ते बसेल असं मला वाटत नाही. खंदकाचंही तेच. आपल्या पावसात काठ ढासळतो, ढासळला नाही तर हत्ती पायाने माती लोटून ढासळवतो.

घरातली २३० व्होल्टची लाइन थेट तारेत सोडण्याबद्दल: नाही. कुंपणाच्या मशीनचा ठोका क्षणभराचा असतो, म्हणून जीव जात नाही. घरातली वीज धरून ठेवते. हत्ती मेला तर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची एकमधला गुन्हा. पण त्याआधी बहुतेक वेळा आपलाच गडी किंवा शेजाऱ्याचं पोर जातं.

फटाके, ढोल, टॉर्च

पहिल्या रात्री फटाका चालतो. तिसऱ्या रात्री हत्ती कान हलवतो. पाचव्या रात्री फटाका म्हणजे इथे माणसं आहेत, म्हणजे इथे केळी आहेत, असं त्याचं गणित होत असावं. आवाज वापरायचाच तर क्वचित, तो बागेत शिरायच्या आधी, आणि रानाकडची बाजू मोकळी ठेवून. चारही बाजूंनी माणसं उभी करून ओरडणं हा शुद्ध वेडेपणा आहे. त्याला जायला वाट नसते, मग तो एखाद्याच्या अंगावरून जातो. मोबाईलवर व्हिडिओ काढणारा पोरगा नेमका त्या वाटेत उभा असतो.

गालावर डोळ्यामागे ओला पट्टा दिसला, म्हणजे मस्त आलेला, माजावरचा नर असेल, तर काहीही करू नका. दारं लावून घ्या, केळी जाऊ देत.

मधमाश्यांच्या पेट्यांबद्दल खूप जण विचारतात. आफ्रिकेत ते चांगलं चाललं आहे, कोडगूमध्ये खादी ग्रामोद्योग आयोगाने २०२१ मध्ये प्रयोग सुरू केला. आपल्याकडची सातेरी माशी स्वभावाने गरीब, हत्ती येतो रात्री, आणि जुलैच्या पावसात वसाहत पेटी सोडून जाते. मध मिळतो म्हणून जरूर ठेवा. मिरचीचे दोर, मिरची-शेणाच्या गोवऱ्या डिसेंबर ते मे ठीक. पावसात धुऊन जातात.

बोलावतंय काय?

एका मोठ्या हत्तीला दिवसाला दीडशे किलोच्या आसपास हिरवं लागतं. बागेत ते तासाभरात, एका जागी आणि गोड मिळतं. त्यामुळे वास कमी करणं हा कुंपणाइतकाच मोठा उपाय आहे, फक्त त्यात विकत घेण्यासारखं काही नसल्यामुळे तो कुणाला उपाय वाटत नाही.

घराजवळचे फणस पिकायच्या आधी उतरवा, भाजीचे म्हणून विका. बोंडांचा ढीग मांगराच्या पाठीमागे कुजत ठेवू नका. आंबलेल्या बोंडांचा वास आपल्यालाच शंभर पावलांवर येतो, त्याला किती लांबून येत असेल? भात आणि मीठ बाहेरच्या पडवीत साठवू नका. भिंतीला लागून लावलेली केळ काढाच, कारण ती खाताना तो भिंतीला टेकतो. जुनी मातीची भिंत तेवढ्याने येते.

हळद, आलं, लिंबू हत्ती सहसा खात नाही. तुडवतो मात्र. रानाकडच्या पट्ट्यात ही लावा आणि केळी मधे, घरापासून लांब, कुंपणाच्या आत. सगळी बाग हळदीची करा असं मी म्हणणार नाही. सात वर्षं वाढवलेला माड काढून हळद लावा, हे बोलायला सोपं आहे.

माणूस आधी

एप्रिल २०२५ मध्ये मोर्ल्यात सकाळी काजू गोळा करायला गेलेला शेतकरी हत्तीच्या हल्ल्यात गेला. त्यानंतर आमच्या वाडीने ठरवलं, उजाडल्याशिवाय काजूत जायचं नाही, एकट्याने जायचं नाही, कानात गाणी लावून तर नाहीच. ताजी लीद, वाफ येत असलेली, किंवा नुकता मोडलेला बांबू दिसला की तिथूनच मागे. बी दुपारी गोळा केली तरी बीच असते.

तमिळनाडूत वालपराईच्या चहामळ्यांत हत्ती आसपास असला की लोकांना संदेश जातात, ठरलेल्या चौकांत लाल दिवे लागतात. आपल्याकडे व्हॉट्सॲपचे ग्रुप आहेत, पण त्यात सुप्रभात आणि मागच्या वर्षीचे फोटो. आमच्या ग्रुपवर एकच नियम ठेवला: जागा, वेळ, दिशा, आणि "बघितला" की "ऐकला". बाकी काही लिहिलं की काढून टाकतो. दोन काका रागावून बाहेर गेले, हत्ती त्यांच्याच काजूत आला तेव्हा परत आले. २०२५ च्या सप्टेंबरात ओंकार नावाने ओळखला जाणारा हत्ती गोव्यात पेडण्याकडे उतरला, तेव्हापासून तिकडच्या ओळखीच्या लोकांनाही घेतलं आहे. वन विभागाचा क्रमांक १९२६ सगळ्यांच्या फोनमध्ये असू दे.

भरपाईचं घोडं कुठे अडतं

नुकसानीची खबर तीन दिवसांच्या आत द्या. पडलेली झाडं पंचनाम्याआधी हलवू नका, तारीख-वेळ दिसेल असे फोटो काढा, प्रत्येक झाडाचा बुंधा वेगळा. हे सगळे करतात. अडतं ते सातबाऱ्यावर. आपल्याकडे सातबारा सामाईक, त्यावर मुंबईतले आठ चुलते, त्यातले दोघे बोलत नाहीत. संमतीपत्र हत्ती आल्यावर गोळा करायला गेलात तर वर्ष जातं. चतुर्थीला सगळे घरी येतात तेव्हाच सह्या घेऊन ठेवा. दुसरं, पीक पाहणीत पोफळ, केळी लिहिलेली आहे का ते बघा. ई-पीक पाहणी मोबाईलवर आपणच करायची असते. सातबाऱ्यावर पड लिहिलेलं असेल तर पडलेले माड दाखवून उपयोग नाही.

आणि फाटक

वरचं सगळं झालं. तारा साफ, अर्थिंगला पाणी, बॅटरी नवी. वळवाच्या विजांनी मशीन जळू नये म्हणून मेमध्ये गडगडायला लागलं की लाइन मशीनपासून सोडवा, आणि पाऊस थांबला की आठवणीने परत जोडा. रात्री कुणी तपासायचं त्याची पाळी लावा, भिंतीवर लिहून.

आमच्या ओळीत सात बागा आहेत, एकच सलग कुंपण. गेल्या वर्षभरात हत्ती दोनदा आत आला. वहीत दोन्ही नोंदी आहेत, ठसा सव्वाचार फूट, एकच गडी. तार कुठेही तुटलेली नव्हती. एकदा सुपारीचा टेम्पो उशिरा गेला म्हणून, एकदा लग्नाला गेलेली मंडळी रात्री परत यायची होती म्हणून, फाटकाचा आकडा आम्हीच काढून ठेवला होता.